बाहेरची शेगडी

फाटकाची कडी काढता काढता वास आला आणि हात कडीवरच राहिला. मटणाचा वास. भाजलेल्या खोबऱ्याचा, वाटणाचा, आणि त्याखाली शिजत्या मांसाचा तो जाड वास. आधी वाटलं, शेजारी असेल. रविवार म्हटला की केडगावात निम्म्या घरांतून हाच वास येतो. पण नाही, आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून येत होता, आणि त्या खिडकीच्या आत, ओट्याला लागून, आईचे देव आहेत. आईचं वर्षश्राद्ध होऊन पुरते पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. वर्षभर घरात वशाट आलं नव्हतं, आणि आलं ते थेट चुलीवर. मी पहिल्या पाळीवरून आलो होतो. सुप्याच्या कंपनीपासून बसमध्ये मान वाकडी करून झोपलो होतो आणि डोक्यात अजून मशीनची घरघर चालू होती. चपला न काढता तसाच दारात उभा राहिलो. आत माझी बायको, चंद्रकला, पाठमोरी उभी राहून पातेल्यात पळी फिरवत होती. चोरी नाही, घाई नाही, रोजची आमटी करावी तशी. "आलात? हातपाय धुवा, वाढतेच," ती म्हणाली. मी म्हणालो, "माझं पोट बरं नाही," आणि मागच्या दाराने जिना चढून गच्चीवर गेलो. भांडायची ताकद नव्हती. हल्ली मला राग येतो तोसुद्धा दमलेलाच येतो, दोन पावलं चालला की बसतो.

आमच्यात मटण घराबाहेर. हा काही मी काढलेला कायदा नाही. शेवगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथे माझी आई, गोजरबाई, लग्न होऊन आली ती माळ घालूनच. वडील खाणारे, चुलते खाणारे. मग परसात तीन दगडांची चूल, तिचं भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि ती भांडी घराच्या उंबऱ्याच्या आत कधी यायची नाहीत. गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगलेली असायची. ज्या दिवशी वडील पिशवी घेऊन यायचे त्या दिवशी आई काही बोलायची नाही. भाकऱ्या थापून टोपल्यात झाकायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि मारुतीच्या देवळात जाऊन बसायची. मी सहा-सात वर्षांचा असेन, एकदा रस्सा पिता पिता पाऊस आला म्हणून वाडगं घेऊन घरात पळालो. आईने मारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग शेण आणलं आणि तिन्हीसांजेला सगळं घर सारवायला बसली. तिची पाठ वरखाली होत होती आणि मी दारात भिजत उभा होतो. ती पाठ माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. पुढे केडगावात हे रो-हाऊस घेतलं, आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, इथेही मटण वर, गच्चीवर. आई म्हणाली होती, "बघ बाबा, तुजं घर हाय." चंद्रकला काहीच म्हणाली नव्हती.

आणि मग ती शेगडी आली. खरं तर ग्रिल. आमच्या कंपनीत यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, तो जाताना म्हणाला, हे मी कुठे घेऊन जाऊ, तू ने. टेम्पोत घालून आणली तर गल्लीतली पोरं मागे धावत आली. चार चाकं, वर भलंमोठं झाकण, झाकणावर काटा असलेलं तापमानाचं घड्याळ, आत लोखंडी जाळ्या, खाली गॅसचे तीन बर्नर, आणि बाजूला पातेलं ठेवायला चौथा. आई खालूनच म्हणाली, "काय रं ते? इंजान हाय का काय?" तेव्हा आमचा हर्षल शाळेत होता. रविवारी मी आणि तो वर जायचो, तुकडे जाळीवर मांडायचो, झाकण लावायचो, आणि दर मिनिटाला उघडून बघायचो. अर्धे कच्चे, अर्धे कोळसा. काय मजा यायची राव! हर्षल पुण्याला नोकरीला गेला आणि माझी हौस आपोआप सरली. मग चंद्रकलाच बाजूच्या बर्नरवर पातेलं चढवायची. मी पाळीवरून यायचो, नाहीतर सुट्टी असली तर दुपारभर झोपून उठायचो, आणि थेट गच्चीवर. रस्सा तयार. खाटेवर बसायचं, जेवायचं, वारं खायचं. काही राहिलं असलं तर कठड्यावरून खाली हाक मारायची, "अगं, मीठ राहिलं!" आणि ती घेऊन यायची. रविवारी खाली उतरलो की घरात ऊद जाळल्याचा वास असायचा. आई देवळातून येऊन देवापुढे बसलेली असायची. मला बरं वाटायचं. सगळं आपापल्या जागी आहे, असं वाटायचं, आणि त्या वाटण्यावर मी पुढचा आठवडा काढायचो.

त्या दिवशी गच्चीवर गेलो तेव्हा शेगडी कोपऱ्यात तशीच उभी होती, अंगावर खोळ घेऊन. खोळ आईने शिवलेली, खताच्या गोण्या उसवून, दाभणाने. आई स्वतः गच्चीवर कधी आली नाही. चंद्रकलाने सुतळीने माप नेऊन दिलं होतं. टाके जाड, वाकडे, पण असे ओढून घेतलेले की एक उसवेल तर शपथ. मी खोळ काढली. झाकणाचा काळा रंग पापडासारखा फुगून सुटला होता. कडांना गंज, जाळ्यांवर गंजाचा थर, चाकं जाम. वर्षभरात एवढं? वर्षभर पेटली नाही, ठीक, पण एवढं? तेवढ्यात खालून चंद्रकलाची हाक आली, "ताक तरी घेता का?" मी कठड्यावरून वाकून म्हणालो, "ही शेगडी मी नीट करणार आहे. पुढच्या रविवारी मटण वर होईल." ती अंगणात उभी होती, मान वर करून, एक हात गुडघ्यावर. मग म्हणाली, "करा," आणि आत गेली. मला तिचा तो 'करा' आवडला नाही. पण मी ठरवलं होतं, आईचं माणूस म्हणून आता ह्या घरात मीच उरलोय. मीही सोडलं तर त्या बाईने जन्मभर सांभाळलं ते एका वर्षात गेलं. ते मी जाऊ देणार नव्हतो.

आठवडाभर पाळी संपवून यायचो आणि वर जाऊन बसायचो. जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बादलीत बुडवल्या, दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने घासल्या. पाणी काळं, मग तांबडं, मग परत काळं. झाकणाचा सुटलेला रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडला, वर पॉलिश पेपर मारला. बोटांची सालं निघाली. खांदा दुखायला लागला, तो झोपेतही दुखायचा. कशाला करतोय मी हे, असं दर संध्याकाळी एकदा मनात यायचं, आणि त्यावर उत्तर म्हणून आईची ती सारवणारी पाठ समोर यायची, मग हात परत चालू. चंद्रकला चहा घेऊन यायची. पायरीला थांबत, पायरीला थांबत. तिचं येणं मला आधी ऐकू यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग कप वाजायचा. जिना घराच्या बाहेरून काढलेला, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा बसवायचा राहूनच गेलाय. पुढच्या दिवाळीला, पुढच्या दिवाळीला म्हणत. ती कप ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि काहीतरी बोलायला म्हणून बोलायची. "लई जीव लावलाय शेगडीला." मी म्हणायचो, "आईसाठी." ती म्हणायची, "हं." एकदा तिने विचारलं, "आत्यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का हो, वरच करा म्हणून?" सासूला ती आत्याच म्हणायची. मी चिडलो. म्हणालो, "सगळं सांगावं लागतं का? काही कळतं की नाही माणसाला?" ती कप उचलून निघाली. उतरताना ती तिरकी उतरते, भिंतीला हात लावून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. कधीपासून अशी उतरते, कोण जाणे.

शुक्रवारी बर्नर काढले. जाळीखालचे तीन निघाले, त्यांची भोकं काजळीने आणि तेलाने बुजलेली, सुई घालून मोकळी केली. मग बाजूचा बर्नर, पातेल्याचा. त्याची नळी उलटी करून आपटली तर काही पडेना. डोळा लावला तर आरपार दिसेना. तार घातली तर अडकली. खरवडत खरवडत बाहेर काढलं तर माती. कुंभारमाशीचं घर. वाळून दगड झालेलं, आत नळकांड्यांसारख्या खोल्या, सगळ्या रिकाम्या, आणि त्यावर कोळ्याचं जाळं, जाळ्यावर परत धूळ. एक घर नव्हे, घरावर घर. जुन्या मातीचा रंग वेगळा, नव्या मातीचा वेगळा. मी ते तळहातावर घेऊन खाटेवर बसलो. आता माझं काम काय आहे सांगतो. कंपनीत मी तपासणीला आहे. नग हातात घ्यायचा, कुठे बिघडलाय ते बघायचं आणि केव्हा, कोणत्या हाताखाली बिघडला ते शोधायचं. इतकी वर्षं हेच करतोय, आता डोळे आपोआप तेच करतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाटीच्या कडा बघतात. ते डोळे त्या मातीकडे बघत होते आणि मी त्यांना म्हणत होतो, राहू दे ना बाबा, पाळी संपली ना आता. पण ते थांबेनात. ही माती एका वर्षाची नाही. हा बर्नर आई आजारी पडायच्या कितीतरी आधीपासून पेटलेला नाही. मग त्या सगळ्या रविवारी मी इथे, ह्याच खाटेवर बसून जो रस्सा खाल्ला, तो कुठे शिजला?

पुढचा विचार मी केला नाही. म्हणजे तो उंबऱ्यापर्यंत आला आणि मी दार लावून घेतलं. शनिवारी सुप्याच्या रंगकाम विभागातल्या सूर्यभानने उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा डबा आणून दिला होता, तो उघडला. थिनरने पत्रा पुसला, तापमानाच्या घड्याळावर आणि बटणांवर कागद चिकटवला. सूर्यभानने बजावलं होतं, आतून रंग लावू नको, जिथे खायचं शिजतं तिथे नाही, आणि जाड हात मारू नको, पातळ मार, वाळू दे, परत मार. मी पातळ हात मारला. पत्रा काळा होत गेला, ओला, नवा, त्यात आभाळ दिसायला लागलं आणि माझं तोंड. काय थकलेलं तोंड ते! मला एकदम चंद्रकलाच्या हातावरचा डाग आठवला. उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा. केव्हाचा आहे? मी विचारलं होतं तेव्हा तिने सांगितलं होतं, तेल उडालं. तेल उडालं तर ठिपके पडतात. हा सलग आहे, काहीतरी सांडून वाहत गेल्यासारखा. तपासणीवाल्याला हे तेव्हाच दिसायला हवं होतं, पण घरात आलो की मी डोळे कुठे ठेवत होतो कोणास ठाऊक. दुसरा हात मारताना ब्रशचा केस रंगात अडकला. काढायला गेलो तर बोटाचा ठसा उमटला. तो तसाच ठेवला.

रविवारी सकाळी मटण मीच आणून दिलं आणि म्हणालो, "संध्याकाळी वर कर." ती म्हणाली, "बघू." दुपारी झोप लागली नाही. वर गेलो, बर्नर बसवले, नवी रबरी नळी लावली, सिलिंडर वर चढवताना कंबर धरली. साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठे बुडबुडा नाही. रंग पक्का व्हायला आधी रिकामीच तापवावी लागते, म्हणून पेटवली. चारही बर्नर भक्कन लागले, निळे, एकसारखे. बाजूचा तर सगळ्यात सुंदर. झाकणातून रंगाचा धूर यायला लागला, काटा हलला आणि चढायला लागला. मला हे कोणाला तरी दाखवायचं होतं, आणि ज्या बाईला दाखवायचं होतं ती कधी वर आलीच नसती. मला रडूच आलं. धुराचं निमित्त होतं, बरं झालं.

जिन्यावर पावलं वाजली. पायरीला थांबत, पायरीला थांबत. चंद्रकला आली, रिकाम्या हाताने, आणि खाटेवर बसली. दोन्ही गुडघे तळव्यांनी चोळत राहिली. पेटलेल्या शेगडीकडे बघून म्हणाली, "छान झालीय. नवी वाटते." मी खिशातून मातीचं ते ढेकूळ काढलं आणि तिच्यापुढे धरलं. विचारायला शब्द जुळवत होतो, पण ती ते बघूनच समजली. तिने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं.

"मी पडले होते," ती म्हणाली. "जिन्यात. इथून खाली नेत होते उरलेला रस्सा, शेजारी द्यायला, गरम होता. तुम्ही झोपला होतात. आत्या देवळातून तेवढ्यात आल्या होत्या. त्यांनीच हातावर पाणी ओतलं."

"मला तेल म्हणालीस."

"त्याच म्हणाल्या, तेल सांग." तिने ढेकूळ खाटेवर ठेवलं. "पुढच्या रविवारी मी पातेलं घेऊन वर निघाले तर त्यांनी जिन्यात आडवा हात घातला. म्हणाल्या, आजपासून आत कर. मी म्हटलं, आत्या, तुमचे देव? तर म्हणाल्या, देवाला न्हाई कळत व्हय तुजे गुडगे? मी जाते देवळात, तू आटप. आल्यावर त्याच ऊद जाळायच्या. मी भांडी घासायचे, त्या फडक्याने ओटा पुसायच्या. तुम्ही उठायच्या आत मी वर आणून ठेवायचे."

"आणि मला सांगितलं नाही? इतकी वर्षं? दोघींनी मिळून?"

"मी म्हटलं होतं, त्यांना सांगू या. तर आत्या म्हणाल्या, नगं. त्यो माज्यासाठी पाळतोय, त्येला बरं वाटतं. पाळनारा त्यो हाय पोरी, मी न्हाई. मी आपली माळ सांबाळते, ती माज्या गळ्यात हाय, चुलीत न्हाई."

तिने आईचा आवाज काढला नव्हता, नुसते शब्द तसेच्या तसे सांगितले, पण मला आई अगदी अंगणात उभी असल्यासारखी ऐकू आली. शेगडीचा काटा चढत होता. मला राग यायला हवा होता आणि मी त्याची वाट बघत होतो. आला नाही. आली ती लाज, आणि लाजेच्या मागोमाग एक विलक्षण थकवा, जणू आठवडाभर नव्हे तर लहानपणापासून, त्या पावसातल्या संध्याकाळपासून मी कोणाची तरी पाठ अंगावर घेऊन चालत होतो आणि जिची होती ती केव्हाच उठून निघून गेली होती. मी म्हणालो, "मग आजचं मटण?"

"खाली झालंय. मघाशीच." ती माझ्याकडे बघत होती. "माझ्याने नाही होत हो आता. तुम्ही शेगडी कितीही चकाचक करा, मला जिना तोच आहे. तुम्हाला वरच खायचं असेल तर खा, पण मी आणणार नाही. आज स्पष्टच सांगते."

एवढं बोलून तिला दम लागला. मी एक एक बटण फिरवून शेगडी बंद केली. शेवटी सिलिंडर. म्हणालो, "तू बस. मी आणतो."

"तुम्ही?"

"बस तू. वारं खा."

खाली स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. ओट्याशी आईचे देव, त्यांच्यापुढे तिचं ऊद जाळायचं मातीचं भांडं पालथं घातलेलं, आणि शेजारी गॅसवर पातेलं. मी झाकण काढलं. तिथे उभा राहून वास घेतला, भरपूर, आणि काही झालं नाही. देव जिथल्या तिथे होते. ताटात भाकऱ्या आणि वाट्या घेतल्या, ताट पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं, ओल्या फडक्याने दोन्ही कान धरले आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. पहिल्या पायरीवरच कळलं की पाय दिसत नाहीत. पातेलं पोटाशी धरलं की खालचं काही दिसत नाही, पायाने चाचपून पायरी शोधावी लागते. दोन्ही हात गुंतलेले, भिंत धरता येत नाही, दुसऱ्या बाजूला धरायला काही नाहीच. वाफ तोंडावर येत होती. फडक्यातून चटका आत यायला लागला आणि हात बदलायची सोय नव्हती. मध्ये वळणाची पायरी निमुळती आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. तिथे रस्सा हिंदकळला आणि एक ओघळ मनगटावर आला. मी खांदा भिंतीला टेकवून उभा राहिलो. असे किती रविवार, असा प्रश्न आला, आणि मी तो मोजला नाही.

वरून, अंधारत चाललेल्या गच्चीच्या कठड्यावरून, चंद्रकलाने वाकून बघितलं. "सावकाश," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "अहो, मीठ राहिलं."

मी पातेलं त्याच निमुळत्या पायरीवर नीट टेकवलं, भिंतीला हात लावला, आणि मीठ आणायला परत खाली उतरायला लागलो.